माझे व्हॉल्व्ह कुणी बदलले?

मी एक जुना हेडफोन ॲम्प्लिफायर आहे. हे नाव ऐकूनच तुमच्यातले निम्मे उठून जातील, मला त्याची सवय आहे. जे थांबले त्यांना सांगतो. गाणं वाजवणाऱ्या यंत्रातून निघणारा आवाज फार अशक्त असतो. त्याला बळ द्यायचं आणि हेडफोनमधून माणसाच्या कानापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. ते मी काचेच्या दोन व्हॉल्व्हच्या जोरावर करत असे. बोटाएवढे व्हॉल्व्ह, खाली नऊ पिना आणि आत तापून लाल होणारी एक बारीक तार. आता मी काहीच करत नाही. कपाटावर, फाटक्या सूटकेसशेजारी पडून असतो.

मित्रांनो, मी कारखान्यात जन्मलो नाही. मला मिस्त्रींनी बनवलं. मिस्त्री रेडिओ दुरुस्त करत. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं, इतकं लहान की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रींना बाहेर यावं लागे. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणत. ताईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्या भावाला म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांचीच बोलणी ऐकली रे. आता मला माझं काहीतरी ऐकायचंय." भावाने ते मनावर घेतलं.

मिस्त्री कामात भारी चिकट. मला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला. वेढे मोजताना कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, की सगळी तार उलगडायची आणि पहिल्यापासून सुरुवात. त्या आठवड्यात त्यांच्या बायकोने त्यांच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं, बिचारीचा नाइलाज होता.

मला ताईंच्या हाती देताना मिस्त्री म्हणाले, "ताई, व्हॉल्व्ह म्हातारे होतात. बदलायची वेळ आली की आधी मला विचार. पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नसतं. प्रत्येकाची भूक वेगळी."

"आणि एखादा जास्त खादाड निघाला तर?"

"तर हा ट्रान्सफॉर्मर त्याला भरवता भरवता मरेल."

दोघंही हसली. मीही तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

पुढची बारा वर्षं माझ्या सुखाची. दुपारी तीन ते पाच ताई डोळे मिटून गाणी ऐकत. शेजारणी येत, हेडफोन लावून बघत आणि म्हणत, "अगं बाई, ती गाताना श्वास घेते तेसुद्धा ऐकू येतंय!" अशा वेळी मिस्त्री घरात असले तर दाराआड उभे राहून काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत. तोंडावर कौतुक झालेलं त्यांना सोसत नसे, पण ऐकायला मात्र हवं असे.

मग मिस्त्रींचे हात थरथरू लागले. त्यांनी दुकान बंद केलं आणि ते दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेले. तिथेही ते स्वस्थ बसले नाहीत. उजवा हात डाव्याने धरून ते आसपासच्या लोकांचे रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करून देत. इकडे माझा डावा व्हॉल्व्ह थकला होता. ताईंच्या डाव्या कानात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागला.

ताई भावाला फोन करणारच होत्या. पण त्या रविवारी लेक आणि जावई आले. जावईबापूंना आवाजाच्या यंत्रांचा भारी शौक. नेटवर वाचून वाचून त्यांची बुद्धी नुसती उतू चालली होती. त्यांनी मला उलटं केलं, नाक मुरडलं आणि सोनेरी पिनांचे दोन नवे व्हॉल्व्ह मागवले. आठवड्याने ते घेऊन दोघं पुन्हा आली.

"आधी मामाला विचारू या का?" ताईंनी हळूच विचारलं.

"मामांना या वयात कशाला त्रास?" जावईबापू म्हणाले. "नऊ पिना आहेत, नऊच्या नऊ बसतात. बघा!"

"अगं आई, यांनी सगळं वाचूनच आणलेत," लेक म्हणाली. झालं, विषय संपला.

व्हॉल्व्ह बसले हे खरं. आवाजही पहिल्यापेक्षा दणदणीत आला. सगळ्यांनी जावईबापूंना डोक्यावर घेतलं. पण त्या सोनेरी पाहुण्यांच्या आतल्या तारेला माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या दुप्पट वीज लागत होती. खोक्यावर ते बारीक अक्षरांत छापलेलं होतं. जावईबापूंनी ठळक अक्षरं तेवढी वाचली होती. माझा ट्रान्सफॉर्मर जेवढ्यांसाठी गुंडाळला होता, त्याच्या दुप्पट ओझं तो मुकाट्याने वाहू लागला.

पुढच्या रविवारी ताई म्हणाल्या, "हा फार तापतोय हो. वासही येतो."

"व्हॉल्व्ह म्हटलं की तापणारच, आई."

व्हॉल्व्ह तापतात हे कुणीही कबूल करेल. पण चटका बसत होता तो मागच्या बाजूला, जिथे व्हॉल्व्ह नसतात. तिथे हात लावून बघावं असं त्या शहाण्याला वाटलं नाही. तीन आठवडे मी तग धरला. एका दुपारी अर्ध्या गाण्यात माझ्यातून धूर निघाला आणि मी कायमचा गप्प झालो. ताईंनी घाबरून प्लग उपटला.

जावईबापू आले. आधी त्यांनी आपले महागडे व्हॉल्व्ह काढून रुमालात गुंडाळले. "हे तरी वाचले," ते म्हणाले. मग ड्रॉवरमधले माझे जुने व्हॉल्व्ह त्यांनी पुन्हा जागेवर बसवले, म्हणजे मोकळी सॉकेटं वाईट दिसायला नकोत. "हाताने बनवलेल्या वस्तूचं हे असंच," असं म्हणून त्यांनी माझ्या जळण्याचं खापर मिस्त्रींवर फोडलं आणि चहा मागितला.

बातमी कळताच मिस्त्री आले. सहा तासांचा प्रवास करून, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून. त्यांनी मला टेबलावर घेतलं, तळ उघडला आणि जळून काळा झालेला ट्रान्सफॉर्मर बघितला. मीटर लावून दोन तास ते माझी एकेक तार तपासत राहिले. कुठेच चूक सापडेना. त्यांनी व्हॉल्व्हवरचे आकडे वाचले, तर व्हॉल्व्ह तेच, त्यांनीच निवडलेले. शेवटी त्यांनी मान वर केली.

"ताई, यात कुणी हात घातला होता का?"

जावईबापू खुर्चीत बसून मोबाईल बघत होते. लेक आईकडे बघत होती. तिची नजर मी पाहिली. मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी एक शब्द बोलू दिला असता तर उरलेलं आयुष्य मी भंगारात आनंदाने काढलं असतं.

"नाही रे," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने कितीतरी वेळ पुसला. "मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "गुंडाळतानाच चुकलं असणार. आग लागली असती गं. तू एकटी असतेस घरात."

ते गेले आणि आठवड्याने ताईंना मिस्त्रींच्या मुलाचा फोन आला. बाबांनी सगळी हत्यारं देऊन टाकली, कुणाच्या रेडिओलासुद्धा हात लावत नाहीत, म्हणतात की आपल्या हातावर आता भरवसा नाही. ताई ते ऐकून भिंतीला टेकून बसल्या.

जावईबापूंचा मला राग आहेच, पण त्याहून जास्त राग मला ताईंचा आला. लेकीच्या संसारात मिठाचा खडा पडेल म्हणून त्या घाबरल्या, हे मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं माझ्या वयाचं कुठलंही यंत्र तुम्हाला सांगेल. माझं सांगणं निराळं आहे. वस्तू मोडते, जळते, तिच्या जागी दुसरी येते. पण तुमच्या हातून काही बिघडलं तर ते ज्याने बनवलं त्याला खरं सांगा, ओरडा खावा लागला तरी सांगा. नाहीतर तो स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

मिस्त्री अजून आहेत. ताईंना त्यांचा नंबर पाठ आहे. रोज संध्याकाळी त्या फोन लावतात, तब्येत विचारतात आणि ठेवून देतात.