बायाक्काचा रिकामा फुगा

मित्रांनो, मी एक जुनी बाई आहे, पण शाईची. हाडामांसाची मी कधीच नव्हते. बेळगावातल्या एका मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानावर तीन चौकटींची चित्रकथा येते. तिच्यातली बायाक्का ती मी. तुम्ही मला आजही रोज बघता. खरं म्हणजे तुम्ही जिला बघता ती मी नव्हे, आणि तेच मला सांगायचं आहे.

माझं पहिलं चित्र बेळगावच्याच वडगाव भागात, नागोजी विणकराच्या घरी आहे. मागाच्या खोलीत, भिंतीला चिकटवलेलं. तिथूनच मी बोलते आहे.

नागोजी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचा. त्यासाठी बारीक घरांचा कागद असतो. एकेक घर भरत जायचं, तसा मागावर एकेक धागा उचलला जातो. धाग्याला वळण घेता येत नाही, म्हणून मोर असो की कुयरी, सगळं पायऱ्यापायऱ्यांनी काढावं लागतं. एका संध्याकाळी नक्षी संपली आणि कागदाचा कोपरा उरला. समोर त्याची बायको गुणाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. नागोजीने सवयीने तिचं नाक काढलं, पायऱ्यांचं. मग डोक्यावरचा पदर काढला, मग मोठं कुंकू.

गुणाबाईने मान वाकडी करून बघितलं.

"अवो, माझं नाक असलं हाय व्हय? जिना काढलाय की."

"तुझं न्हवं. हे बायाक्काचं हाय."

"कोण ही बायाक्का?"

"तुझी थोरली भन."

गुणाबाईला थोरली बहीण नव्हती. ती एकटीच वाढली होती. ती हसली आणि मला म्हणाली, "बरं आक्का, आलीस तर बस." असा माझा जन्म झाला. मी तिची थोरली बहीण झाले, म्हणून मी तिला गुणाच म्हणते.

चित्रातल्या माणसाच्या तोंडाजवळ एक गोल काढतात आणि त्यात त्याचं बोलणं लिहितात. नागोजी त्याला फुगा म्हणायचा. त्याला चित्र काढता यायचं, पण बोलणं सुचायचं नाही. तो पहिल्या दोन चौकटी पुऱ्या करायचा, तिसरीत मला काढायचा, माझा फुगा रिकामा ठेवायचा आणि कागद गुणापुढे धरायचा. चरखा न थांबवता ती काहीतरी बोलायची. ती बोलेल तसं, तिच्याच उच्चारात तो लिहायचा. कधी ती पटकन बोलायची, कधी तासभर गप्प बसायची. तोवर माझं तोंड उघडं आणि फुगा कोरा. आमची कामाची रीत ती हीच.

माझी पहिली गोष्ट सांगते, भिंतीवर आहे ती हीच. पहिल्या चौकटीत दुकानदार म्हणतो, "आक्का, ह्या साडीचा रंग जाणार न्हाय." दुसऱ्या चौकटीत बादली, साडी पांढरी आणि पाणी लालभडक. तिसरीत मी म्हणते, "रंग कुटं गेलाय? बादलीतच हाय की. असू दे की!"

"असू दे की" हे गुणाचं रोजचं बोलणं होतं. धागा तुटला, असू दे की. दूध नासलं, असू दे की. नागोजीला ते आवडलं आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ते माझ्या तोंडी येऊ लागलं.

नागोजीने ती गोष्ट दैनिकात नेऊन दिली. तिथले त्या वेळचे संपादक म्हातारे होते. त्यांनी गुणाच्या बोलण्यातली एक मात्राही बदलली नाही. "वडगावची बाई वडगावचंच बोलणार," असं ते म्हणाले. लोकांना मी आवडले. एकदा आमच्या गल्लीत पाण्याच्या कार्यालयाची मराठी पाटी काढून कन्नड लावली, तेव्हा गुणाने मला बोलायला लावलं, "आधी मराठीत पाणी येत न्हवतं, आता कन्नडात येत न्हाय. असू दे की!" त्या दिवशी दोन्ही भाषांची माणसं हसली. निपाणीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही तरी बायका एकमेकींना "असू दे की" म्हणत उभ्या राहायच्या. बोरगावच्या एका सुनेने माझं चित्र कापून सासूच्या पिठाच्या डब्यावर चिकटवलं होतं. नागोजी घरी येऊन हे सगळं सांगायचा. गुणा म्हणायची, "आक्काचं लई नाव झालं. मला कोण इचारतंय?" ती हे हसून म्हणायची. पण मित्रांनो, तिला खरंच कोणी विचारत नव्हतं. चित्राखाली नाव नागोजीचं यायचं.

मग ते संपादक गेले आणि मला बदलायला सुरुवात झाली.

आधी रंग आला. मला गुलाबी साडी नेसवली, असा गुलाबी की तो आमच्या कुठल्याच मागावर कधी विणला गेला नसेल. मग जागा कमी झाली. तीन चौकटी लहान लहान होत गेल्या, कारण शेजारी क्लासची जाहिरात होती. माझं नाक पायऱ्यांचं होतं, ते कोणीतरी गुळगुळीत केलं. मग पुरवणीचा नवा संपादक आला, साईनाथ. तो मूळचा सांबऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. स्वभावाने वाईट नव्हता. तो घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची बायाक्का आमची लाडकी हाय. पण आता वाचक तरुण हाईत. तिला जरा कमी वयाची करूया."

"किती कमी?" नागोजीने विचारलं.

"पदर काढूया डोक्यावरचा. हातात मोबाईल देऊया. आणि ते लई, व्हय, न्हाय काढूया. पुण्यातबी वाचत्यात आता आपल्याला, मोबाईलवर."

"तू आत्ता काय बोलायलास मग?"

साईनाथ हसला. "घरात बोलतोय अण्णा. पेपरात न्हाय."

"आणि असू दे की?"

"ते ठेवायचं! त्येच तर चालतंय."

तेव्हापासून माझं सगळं बोलणं लांबच्या शहरातलं झालं आणि शेवटचे तीन शब्द तेवढे वडगावचे राहिले. नव्या साडीला जुन्या काठाची पट्टी जोडावी तसे. ऑफिसात कॉम्प्युटरवर मला बारीक कमरेची केली. केस मोकळे सोडले. ते चित्र छापून आलं तेव्हा गुणाने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हापिसात हिला जेवाय घालत न्हाईत व्हय?" ती म्हणाली. "माझी थोरली भन हुती ही. आता नात दिसालीया."

ते खरंच होतं. गुणाचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, आणि मी मागे मागे जात तरुण झाले. छापलेल्या माणसाला म्हातारं होऊ देत नाहीत. ज्या बाईवरून तो काढला, तिचं काय झालं हे कोणी बघत नाही.

पुढे पहिल्या दोन चौकटीही ऑफिसातच होऊ लागल्या. नागोजीकडे फक्त तिसरी उरली. तरी संध्याकाळी तो तिसरी चौकट काढायचा, फुगा रिकामा ठेवायचा आणि कागद गुणापुढे धरायचा. ती बोलायची. त्यातलं ऑफिसात काय राहायचं, काय जायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी रीत मोडली नाही.

मग गुणाच्या पोटात दुखू लागलं. चरख्यावर बसली की ती एक हात पोटाशी धरायची. मी भिंतीवरून बघत होते. नागोजी विचारायचा, "काय झालं गं?" ती म्हणायची, "असू दे की." आणि त्या घरात या शब्दांवर हसायची सवय होती. गावालाच होती.

दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ मोठी झाली होती. तिथे पूर्णिमा नावाची एक तरुण नर्स होती. चांगली मुलगी, हळू हाताने सुई टोचायची. तिने विचारलं, "आज्जी, लई दुखतंय काय?"

"असू दे की."

पूर्णिमा मोठ्याने हसली. "अय्यो, आज्जी बायाक्कागत बोलतंय की! पेपरात वाचून शिकलासा व्हय?"

गुणाने नागोजीकडे बघितलं. मग नर्सला म्हणाली, "व्हय बाई. तिच्याकडनंच शिकलो."

नागोजीने घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून सांगितलं. दुसरं ऐकायला घरात कोणी नव्हतं. मित्रांनो, माझ्या तोंडात स्वतःचा एक शब्द नाही. जी बोलायची तिचं मी उसनं घेतलं, आणि शेवटी तीच माझी नक्कल ठरली. तिची वेदना पेपरातला विनोद वाटली. ती नर्स हसली म्हणून मी तिला दोष देत नाही. तिला तसं हसायला शिकवणारी मीच होते आणि मला छापणारे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गुणा गेली.

तिच्या दिवसकार्यानंतर नागोजीने घरांचा जुना कागद शोधून काढला. तीनही चौकटी त्याने स्वतः काढल्या. पहिलीत चरखा आणि बसलेली गुणा. दुसरीत नुसता चरखा. तिसरीत मी, पहिल्यासारखी, पायऱ्यांच्या नाकाची, डोक्यावर पदर घेतलेली. माझा फुगा त्याने काढला आणि रिकामा ठेवला. या वेळी कागद कोणापुढे धरला नाही. सुकल्यावर तसाच ऑफिसात नेऊन दिला. साईनाथ जाग्यावर नव्हता. टेबलावरच्या मुलाला नागोजी म्हणाला, "हे असंच जाऊ दे. काय बदलू नका." मुलगा म्हणाला, "बरं अण्णा."

तीस वर्षांत नागोजीने त्या दैनिकाकडे मागितलेली ही एकच गोष्ट. एक दिवस बायाक्काने गप्प राहावं.

सकाळी पेपर आला. दाराशी उभं राहूनच त्याने शेवटचं पान उघडलं. चित्र बदललं नव्हतं. चरखा होता, गुणा होती, मी पदर घेऊन होते. आणि माझ्या फुग्यात जाड अक्षरांत छापलं होतं: "असू दे की! साड्यांवर उन्हाळी सवलत सुरू!" खाली दुकानाचं नाव. ते दुकान सुरतेच्या गिरणीतल्या साड्या विकतं.

दुपारी साईनाथ धावत आला. उंबऱ्यातच बोलू लागला.

"अण्णा, चूक झाली. मी येस्तवर पान गेलतं. पोरास्नी वाटलं तुमी लिवायचं विसरलासा. दुःखात हाईसा म्हणून. मोकळा फुगा कसा सोडायचा म्हणून भरलं त्येनी."

"मोकळा न्हवता त्यो," नागोजी म्हणाला.

साईनाथला ते कळलं नाही. किंवा कळलं असेल.

"साईनाथ, चित्र तुमी ठेवा. नाव ठेवा, काय बी नेसवा तिला. पण ते शब्द काढा. ते गुणाचं हाईत."

"अण्णा, त्येच तर लोकांच्या तोंडात हाय. चहाच्या कपावर छापलंय आमी. मोबाईलवर पाठवत्यात लोकं. आता ते काढाय येत न्हाय."

"मग मी काढत न्हाय चित्र."

"तुमच्या मर्जीवर हाय अण्णा." साईनाथने हात जोडले. खरंच जोडले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण ती बंद व्हायची न्हाय. तुमास्नी सांगितलेलं बरं."

ती बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी कोणीही हाताने न काढलेली, कॉम्प्युटरवरची एक मुलगी तिसऱ्या चौकटीत आली आणि "असू दे की" म्हणाली. ती आजही म्हणते. उद्याही म्हणेल. तुम्ही हसाल.

त्या संध्याकाळी नागोजी मागाच्या खोलीत आला. चरख्यावर अर्धी भरलेली कांडी तशीच होती. नक्षी चुकली की झाकायला तो पांढरा रंग वापरायचा, ती बाटली त्याने आणली. त्याने बारीक कुंचला घेतला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि माझ्या फुग्यातली अक्षरं एकेक करून झाकली. रंग बादलीतच हाय की, ते गेलं. असू दे की, तेही गेलं. फुग्याची रेघ त्याने राखली.

"आक्का," तो म्हणाला, "हितं तरी गप बस."

मी गप्प आहे. एवढं तुमच्याशी बोलले, ते शेवटचं.

मित्रांनो, पेपरातली बायाक्का तुम्हाला हसवेल तर हसा. तिला त्याचं काही नाही, ती शाईची आहे. पण तुमच्या घरात कोणी पोटाशी हात धरून "असू दे की" म्हणालं, तर तेव्हा हसू नका. हातातला पेपर खाली ठेवा आणि विचारा, काय असू दे? उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका. उत्तर यायला वेळ लागतो. आमच्या गुणाला कधी कधी तासभर लागायचा, आणि तिच्यापुढे कागद धरून थांबणारा माणूस तेव्हा घरात होता.