न सांगितलेला आजार

हसनाबादच्या आबारावांची मोनिका अकराव्या वर्षापासून रोज चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यायची. हे संप्रेरक आपल्या शरीरात तयार होत नाही, हे तिनं कधीच स्वीकारलं होतं. विसाव्या वर्षी मंठ्याच्या कल्याणचं स्थळ आलं.

"अण्णा, त्यायला सांगितलं ना?"

"समदं सांगितलंय. त्यायची काही हरकत न्हाई," आबाराव म्हणाले.

सगळं ऐकूनही हो म्हणणाऱ्या कल्याणबद्दल तिला लग्नाआधीच माया वाटू लागली.

सासरी पोचल्यावर तिनं बॅग उघडली. इन्सुलिनचा डबा नव्हता. तिनं आईला फोन लावला.

"म्याच काढून ठिवला," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. "पूजेला पाहुणे असतेत. कोन्ही पाह्यलं तर? परवा तुला माघारी न्यायला, मुळाला येतोच आमी."

"म्हंजे त्यायला माहीतच न्हाई?"

पलीकडून फोन बंद झाला.

अंगाची हळद निघाली नव्हती. नव्या नवरीला एकटीनं मेडिकलवर जाता येत नव्हतं. कल्याणला सांगावं, असं तिला दोनतीनदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे बापाला खोटं पाडायचं. ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिली. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि सत्यनारायणाच्या पाटावरच ती कोसळली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कल्याणला समजावलं, "इन्सुलिन नसलं की खाल्लेली साखर रक्तातच पडून राहते. माणूस जेवतो आणि शरीर उपाशी राहतं. मग ते चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं. अजून उशीर झाला असता, तर ही वाचली नसती."

तिसऱ्या दिवशी मोनिका शुद्धीवर आली, तेव्हा आईवडील उशाशी होते.

"मामा, हे कवापासून हाय?" कल्याणनं सासऱ्यांना विचारलं.

"आमाला काय माहीत?" आबाराव म्हणाले. "आमच्याकडं व्हती तवर बराबर व्हती. तुमच्याकडं आल्यावरच झालं."

मोनिका बापाकडे पाहत राहिली. ती पहिल्यांदा सुईला भ्याली, तेव्हा याच माणसानं आधी स्वतःच्या दंडात सुई टोचून दाखवली होती.

"नऊ वर्षं झाले," ती कल्याणला म्हणाली. "अण्णा तुमच्याशीबी खोटं बोलले अन् माझ्याशीबी."

सुगंधाबाई रडू लागल्या. "तुझ्या चांगल्यासाठीच केलं, बाई."

"माझं लग्न व्हावं म्हणून केलं. मी जगावं म्हणून न्हाई."

"आधी कळलं असतं तर मी हो म्हणलो असतो का, मलाच माहीत न्हाई," कल्याण म्हणाला.

"मंग ते ठरवा. तवर मी जालन्यातच गिरिजामावशीकडं राहते."

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी नर्सनं कागद पुढे केला. रुग्णाला घरी नेणाऱ्याची सही हवी होती. सवयीनं आबारावांनी हात पुढे केला. मोनिकानं पेन त्यांच्या हाती जाऊ दिलं नाही. सही तिनंच केली.