कुरळी लोकर

लोकरीचा गुंडा हातात घेतला आणि कंडक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. मोहरीच्या रंगाची, छान जाडसर लोकर, पण धागा कुरळा. नवा धागा कसा सरळ सुटतो. हा जागोजागी वळलेला होता. अशी वळणं विणून उसवलेल्या लोकरीलाच असतात. आणि मोहरी रंगाची टोपी तर मागच्याच खेपेला त्यांनी स्वतः विणून खोक्यात टाकली होती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर आठवड्याला कंडक्टरबाई धरून काही बायका जमायच्या. टोप्या, मफलर, मोजे विणायचे, खोकं भरायचं आणि बेघरांच्या निवाऱ्याला पाठवून द्यायचं, असा त्यांचा उद्योग. म्होरक्या होत्या मास्तरीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. कंडक्टरबाईंचा हात मोज्यांवर बसलेला. टाच अशी वळवायच्या की बघत राहावं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तो पुन्हा वळायला लागेपर्यंत वर्ष गेलं. आता मोजे जमत नव्हते, टोप्या जमायच्या. रडतखडत का होईना, जमायच्या. टोपी खोक्यात पडली की त्यांना वाटायचं, चला, अजून आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत.

त्यांनी मान वर केली. त्यांची धाकटी नणंद, घरात जिला सगळे चिमणी म्हणायचे, खोक्यातून काहीतरी काढून हळूच पिशवीत सरकवत होती. करडी टोपी. कंडक्टरबाईंनी आज आणलेली.

"चिमे, ती कुठे चालली?"

चिमणीचा चेहरा पडला. "वहिनी, अगं, जरा नीट करायला."

"म्हणजे उसवायला." कंडक्टरबाईंनी कुरळा धागा वर धरला. "ही पण अशीच नीट केलीस ना? झटक्यानंतरची माझी एक तरी टोपी या खोलीबाहेर गेली का गं?"

चिमणीने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. बाकीच्या बायका एकदम आपापले टाके मोजायला लागल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान पोराला वाजवायला रिकामा डबा द्यावा, तशी तीच लोकर त्यांच्या हातात फिरून फिरून येत होती.

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. "तुमचं मन दुखवायचं नव्हतं हो. टाके सुटतात तुमचे. आणि कुणाला द्यायचं तर चांगलं द्यावं."

"मग तसं सांगायचं! तोंड शिवलं होतं? पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढताना कधी हात जड झाला नाही, माझ्यापुढेच बरा जड झाला! आणि उसवलेली लोकर भिजवून, वजन लावून वाळवायची असते. लबाडीसुद्धा धड करता आली नाही तुम्हाला."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"वहिनी, बस ना. तुझं प्रेशर वाढेल."

"माझं प्रेशर मी बघते. टोपी दे इकडे."

तेवढ्यात निवाऱ्याचा गाडीवाला जिना चढून आला. "खोकं तयार आहे का?"

"आहे. ही तेवढी जायचीय," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"ती कशी जाईल?" मास्तरीणबाई उठल्या. "वाकडी आहे."

"असेल वाकडी. तुम्ही घाला आणि सांगा, देण्याजोगी आहे की नाही. पण खरं सांगा. लाड पुरे झाले."

मास्तरीणबाईंनी टोपी घेतली आणि अंबाड्यासकट डोक्यावर ओढली. हसायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी टोपी इकडे ओढली, तिकडे ओढली, बोटांनी चाचपली.

"ऊब आहे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. कंडक्टरबाईंचा जीव टांगणीला लागला. "पण डावा कान उघडा पडतो. थंडीत उपयोगाची नाही."

चिमणीने डोळे मिटून घेतले. कंडक्टरबाईंना लागलं, चांगलंच लागलं. पण झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं.

"असं बोला की," त्या म्हणाल्या. "द्या."

चिमणीने कात्री पुढे केली.

"ठेव ती. उसवायचं काही नाही. त्या बाजूला वाढवते."

त्यांनी करड्या टोपीच्या कडेचे टाके सुईवर उचलले, त्याला मोहरी रंगाचा तोच कुरळा धागा जोडला आणि विणायला बसल्या.

"बाई, मला उशीर होतोय," गाडीवाला म्हणाला.

"नोकरीभर मी बेल मारल्याशिवाय गाडी हललेली नाही. बसा तिथे."

गाडीवाला निमूट बसला. कंडक्टरबाईंचा उजवा हात थरथरत होता. सुलट, उलट, सुलट. चिमणीचा हात न राहवून पुढे आला.

"हात मागे."

चिमणीने हात मागे घेतला.

"एक टाका गळला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"दिसला मला." आणि कंडक्टरबाईंनी तो उचलला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा उचलला.

शेवटचा टाका बंद करून त्यांनी टोपी पुन्हा मास्तरीणबाईंच्या हातात दिली. वाकडी ती होतीच. त्यात आता डाव्या बाजूला मोहरी रंगाचा पट्टाही आला होता. मास्तरीणबाईंनी ती घातली आणि दोन्ही कान चाचपले.

"झाकले," त्या म्हणाल्या. शाबासकी दिली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही.

कंडक्टरबाईंनी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून खोक्यात सगळ्यात वर ठेवली आणि झाकण लावलं.

"चला," त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं.