हरणामावशीच्या अकरा शेळ्या

रंग लावू नका, असं मीच डॉक्टरांना सांगितलं होतं. लस दिलेल्या शेळीच्या पाठीवर रंगाचा फराटा ओढायचा, ही आमच्या परंड्याकडची जुनी पद्धत. पण मी पडले बीसीए झालेली. गावातल्या शेळीगटाच्या चौऱ्याऐंशी शेळ्यांसाठी प्रोग्रॅमही मीच लिहिलेला. म्हटलं, "रंग कशाला साहेब? कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगा, मी लॅपटॉपात टाकते." शहाणपणा करायला मी कधीच मागं राहिले नाही.

शेजारच्या गावात पीपीआर या जीवघेण्या रोगाच्या साथीत पंधरा शेळ्या मेल्या होत्या, त्यामुळे सकाळपासून लिंबाखाली बायांची गर्दी झाली. योगीराज डॉक्टरांनी दहा वाजता शंभर डोसची बाटली तयार केली. एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. उरलेली पलीकडच्या वस्तीवर न्यायचं ठरलं होतं.

साडेअकराला त्यांनी विचारलं, "शाहीन, बाकी किती?"

मी बटण दाबलं. बाकी शून्य. डॉक्टरांनी बर्फाचा डबा बंद करून गाडीला अडकवला.

तेवढ्यात हरणामावशी आली. शेतातल्या वस्तीवरून अकरा शेळ्या हाकत आल्यानं घामाघूम झाली होती. नवरा गेल्यापासून तिचं घर या शेळ्यांवरच चालतं.

"तुमच्या झाल्यात की," डॉक्टर म्हणाले.

"कवा? आमी तर आत्ताच येतोय."

"लॅपटॉपात झाल्या म्हणून दिसतंय."

"मग लॅपटॉपानं सुई टोचली का?"

बाया हसल्या. डॉक्टर वैतागले. "लई जणी दोनदा टोचून घ्यायला बघतात मावशी. यादी काय मी केली न्हाय, तुमच्याच गावच्या पोरीनं केलीय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गप्प बसले असते तर माझा प्रोग्रॅम शहाणा ठरला असता आणि मावशी खोटी. खोटं कशाला सांगू, क्षणभर गप्प बसावंसं वाटलंही. पण तिच्या बिल्ल्यांचे नंबर एकसष्ट ते एकाहत्तर, आणि त्यातला एकही मी सकाळपासून टाकलेला नव्हता.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "मावशी खरं बोलतीय. माझा प्रोग्रॅम खोटा आहे."

"कशावरून?"

मी त्यांच्यासमोर एक नवी शेळी टाकली. नंबर नऊशे नव्व्याण्णव. लगेच तिच्यापुढे उमटलं, लस झाली.

"ही कुणाची?"

"कुणाचीच न्हाय. जन्मलीपण न्हाय अजून, तरी लस घेऊन बसलीय."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी डबा परत खाली काढला आणि घड्याळ बघितलं. "बाराला लस बाद होईल. वीस मिनिटं हायत तुझ्याकडं."

मी तिथंच लिंबाखाली फतकल मारली. कोड वर-खाली केला आणि चूक सापडली तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. प्रोग्रॅममध्ये शेळीचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. गटाचं नाव, गाव अशा सगळ्यांच्या सामाईक गोष्टी त्या साच्यावरच एकदा लिहायच्या, ती क्लास व्हेरिएबल. लस मात्र ज्या त्या शेळीची. मी लशीची यादीही साच्यावरच लिहून ठेवली होती. पहिल्या शेळीला सुई टोचली आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी पावन झाल्या. घरी मी अम्मीच्या एकुलत्या एका शेळीवर प्रोग्रॅम तपासला होता. शेळीच एक असल्यावर सामाईक काय आणि स्वतःचं काय, कळणार कसं?

मी ती ओळ साच्यावरून उचलली आणि प्रत्येक शेळीला तिची वेगळी यादी दिली. एकूण किती झाल्या, हा आकडा मात्र साच्याकडेच ठेवला. तो कुठल्या एका शेळीला विचारून कळत नाही, अख्ख्या कळपाला विचारावा लागतो. त्यासाठी असते ती क्लास मेथड. नशीब एवढंच की, प्रत्येक नोंदीबरोबर बिल्ल्याचा नंबर लिहिलेला होता. ती खोटी नऊशे नव्व्याण्णव पुसून सगळ्या नोंदी पुन्हा चालवल्या.

झाल्या त्र्याहत्तर. बाकी अकरा. एकसष्ट ते एकाहत्तर, ओळीनं.

"बघा साहेब!" मी ओरडलेच.

डॉक्टरांनी सिरिंज भरली. मावशी एकेका शेळीला मांडीशी दाबून धरत होती आणि मी नंबर टाकत होते. झाल्या चौऱ्याहत्तर, झाल्या पंचाहत्तर. दर वेळी जिला टोचलं तिचीच ओळ हिरवी होत होती, शेजारणीची नाही. ते बघताना मला जेवढा आनंद होत होता तेवढा निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. बाराला पाच कमी असताना शेवटची शेळी सुटली आणि मी कळपाला विचारलं, एकूण किती? चौऱ्याऐंशी.

उरलेली लस पलीकडच्या वस्तीवर पोचायला आता वेळ नव्हता. तिकडं दुपारी नवी बाटली घेऊन जातो, असं डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "उद्या पुढच्या गावात पावणेदोनशे शेळ्या हायत. लॅपटॉप घेऊन येशील?"

मी तोंड उघडायच्या आत हरणामावशीच बोलली. "न्या की तिला. चुकली तर चारचौघांत सांगती, अन् तितंच बसून दुरुस्त करती. असं माणूस तुमच्याकडं तरी हाय का?"

आणि अकरा शेळ्या पुढं घालून ती आपल्या वस्तीकडे निघाली.