सोडून जाण्याचं कारण

साहेबांचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे टक्केसाहेब म्हणत. वर्षभरात कंपनीच्या फोनचा बाजारातला वाटा एकवीस टक्क्यांवरून अठरावर घसरला होता, आणि ते तीन टक्के जणू त्यांच्याच खिशातून कोणीतरी मारले होते. मागच्या बैठकीत ते गुंतवणूकदारांना छातीठोकपणे सांगून आले होते, की आपल्या फोनवर घरातलं प्रत्येक माणूस कुठे आहे ते नकाशावर दिसतं, त्यामुळे अख्खं घर आपल्याकडे राहतं, कोणी सोडून जात नाही. आता लोक भराभर जात होते. का, ते साहेबांना आज चारच्या बैठकीआधी हवं होतं.

म्हणून सकाळपासून कंपनीच्या कॉल सेंटरमधली ती आणि आणखी अकरा जणी दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या ग्राहकांना फोन लावत होत्या. प्रश्न छापील, बोलणं रेकॉर्ड होणारं. साहेब खुर्च्यांमागून येरझारा घालत होते आणि त्यांच्या बुटांनी तिचं डोकं उठवलं होतं.

अडीच वाजता पडद्यावर पुढचा नंबर आला. नंबर नवऱ्याचा होता. नवा फोन ऑफिसने दिलाय असं त्याने सांगितलं होतं, आणि एवढी चौकस बाई, तिने ते मुकाट्याने गिळलं होतं. नंबर वगळावा, तर साहेब नेमके मागे उभे.

“नमस्कार. नवा फोन आपण स्वतः घेतला की ऑफिसने दिला?”

त्याने आवाज ओळखला.

“स्वतः घेतला.”

“आमचा फोन सोडण्याचं कारण? किंमत, कॅमेरा, बॅटरी की अन्य?”

“अन्य.”

अन्य म्हटलं की तपशील विचारावाच लागे. तिने विचारला, आणि तेवढ्यात मनात नाही नाही ते येऊन गेलं.

“नकाशावर मी कुठे आहे ते बायकोला दिसतं,” तो म्हणाला. “मी रोज दुपारी आईकडे जातो. आत्ताही तिथेच आहे. तिला आता भरवावं लागतं. दोघींचं दोन वर्षं बोलणं नाही. घरी भांडण नको होतं.”

सासूबाईंना भरवावं लागतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? त्या घराचा विषय निघाला की तीच पानावरून उठायची. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. तरी तिने सगळं जसंच्या तसं टाइप केलं.

साहेबांनी वाकून वाचलं. हे गुंतवणूकदारांना सांगता येणार नाही, किंमत लिहा, असं ते कुजबुजले. तिने मान हलवून नाही म्हटलं. खरं कारण हेच होतं.

एकच प्रश्न उरला होता.

“काय केलं तर आपण परत याल?”

“कंपनीने काही करायला नको. तू एकदा ये माझ्याबरोबर.”

छापील शेवट म्हटल्याशिवाय कॉल पूर्ण धरत नसत. पण दोन वर्षांचा ताठा, एका दमात कुठला मोडायला?

“उद्या नको,” ती म्हणाली. “परवा येते. आपल्या वेळेबद्दल धन्यवाद.”