कूलरमधला नवाब

वैजनाथरावांनी कूलरचा शेवटचा स्क्रू काढून पंखा दोन्ही हातांनी बाहेर ओढला, तेव्हा भानुमतीबाई लाटणं हातात घेऊनच बाल्कनीत आल्या. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या हातात लाटणं दिसलं की शहाणा माणूस हातातलं काम खाली ठेवतो. वैजनाथराव मात्र शीळ घालत होते.

"अहो, काय आरंभलंय हे? मे महिन्यात कूलर फोडायला बसलात?"

"फोडला नाही गं, मोकळा केला. सोसायटीनं पाण्यापायी कूलर बंदच केलेत ना? मग पाऊस येईस्तोवर हा इथं उभा राहून काय करणार? बघ, तीन बाजूंनी जाळी, आत वारा खेळता, खाली ट्रे. याच्याहून चांगला पिंजरा मिळणार नाही."

भानुमतीबाईंनी कूलरकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या बुटाच्या खोक्याकडं पाहिलं. खोक्याच्या झाकणाला भोकं होती आणि आत एक सरडा होता.

साधासुधा नव्हे, येमेनकडच्या जातीचा, रंग बदलणारा शॅमेलिऑन. वैजनाथरावांचा भाचा हिमांशू याने तो रीतसर नोंदणी करून पाळला होता. आता त्याला जर्मनीत नोकरी लागली होती आणि त्याच्या आईनं, म्हणजे वैजनाथरावांच्या बहिणीनं, सरड्याला घरात ठेवायला साफ नकार दिला होता. विषय निघाला तेव्हा कुणीच पुढं येईना आणि वैजनाथराव एकदम म्हणून गेले, "मी सांभाळतो." हिमांशूला आनंद झाला, पण पोरगं व्यवहारी. "मामा, पाण्यावाचून ही जात पटकन जाते," तो म्हणाला. "रविवारपर्यंत तुमच्याकडं रमला आणि पाणी प्यायला लागला, तर तुमचा. नाहीतर पुण्याहून माझा मित्र मंदार येईल, त्याच्याकडं देऊन टाका."

त्या दिवसापासून वैजनाथरावांना दुसरं काही सुचत नव्हतं. जिल्हा परिषदेत जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या फायली इकडून तिकडं सरकवल्या. निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला सातारा परिसरात हा नवा फ्लॅट घेतला, तर तिथं सगळी अनोळखी माणसं आणि टँकरची वाट बघत उभ्या राहिलेल्या इमारती. त्यांना कुणी काही विचारीनासं झालं होतं. आता एक जीव त्यांच्या भरवशावर आला होता आणि त्यांना तो काही केल्या हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत उपसून झालं. पंख्याच्या तोंडाला आणि छताच्या पत्र्याऐवजी जाळी ठोकून झाली, पत्र्याच्या धारा कानशीनं घासून झाल्या. रस्ता रुंद करायचा म्हणून बायपासच्या कडेचे कडुनिंब तोडले होते, तिथून वैजनाथरावांनी फांद्या उचलल्या आणि रिक्षात घातल्या. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"चाचा, होली तो कब की हो गई. अब कायकू लकड्यां जमा करते?"

"नवाब आलेत घरी," वैजनाथराव म्हणाले. "त्यांच्या बैठकीची सोय."

रिक्षावाल्यानं मीटरपेक्षा एक पैसाही जास्त मागितला नाही. सरड्याचं नाव मात्र तिथंच पक्कं झालं.

फांद्या आडव्या-तिरक्या बसवल्या. बोटाएवढ्या जाड वर, मनगटाएवढ्या खाली. मधोमध जास्वंदीची कुंडी ठेवली, तिच्या अंगाला मनीप्लँट सोडला. हिमांशूनं दिलेली दिव्याची खास नळी छताच्या जाळीवर बाहेरून बसवली. उन्हातल्या ज्या किरणांनी या प्राण्याची हाडं पक्की होतात, ती किरणं या नळीतून मिळतात, आणि बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातून मिळत नाहीत. हे हिमांशूनं सांगितल्यापासून वैजनाथरावांनी ते पेपरवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. नळीशेजारी शेक देणारा दिवा लावला. सकाळी दिवे लागावेत आणि संध्याकाळी आपोआप विझावेत म्हणून टायमरही जोडला. बटण दाबलं आणि आतली पानं अशी झळकली, की वैजनाथरावांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

मग खोकं उघडलं. नवाब बाहेर आले ते एक पाऊल पुढं, थोडं मागं, पुन्हा पुढं असं डुलत. हिरव्या अंगावर पिवळे पट्टे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. एक डोळा वैजनाथरावांकडं फिरला, दुसरा भानुमतीबाईंकडं.

"दोघांवर एकदम नजर ठेवतोय मेला," भानुमतीबाई म्हणाल्या. "आणि खातो काय?"

"रातकिडे."

"शाब्बास. आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही."

पण त्या लगेच आत गेल्या नाहीत. नवाब सगळ्यात वरच्या फांदीवर चढून बसेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवाबांचा रंग उडाला. अंग पांढुरकं पडलं, तोंड उघडं राहिलं. वैजनाथराव घाबरून पिंजऱ्याभोवती फिरू लागले. भानुमतीबाईंनी जाळीत हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"अहो, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. आपण ओले पंचे अंगावर घेऊन बसलोय, आणि तुम्ही याला शेक देताय?"

"हिमांशूच्या कागदावर दिवा लावायचा असंच लिहिलंय."

"तो कागद कुठल्या थंड देशातल्या माणसानं लिहिला असेल. त्याला आपला वैशाख काय ठाऊक!"

वैजनाथरावांनी मुकाट्यानं शेकायचा दिवा काढला. सरकारी नोकरीत कागदावर असेल ते करायची सवय, ती अशी अंगाशी आली. नवाबांनी संध्याकाळी तोंड मिटलं आणि एक रातकिडा लांबूनच जिभेनं टिपला. वैजनाथरावांना एवढा आनंद झाला, की त्यांनी बहिणीला फोन करून तो रातकिडा केवढा होता तेही सांगितलं.

पाण्याचं मात्र जमेना. उन्हाळ्यात चिमण्यांसाठी ठेवतो तसं मातीचं वाडगं त्यांनी कुंडीशेजारी ठेवलं होतं. नवाब त्याच्यावरून चालत गेले, पण वाकून बघितलंसुद्धा नाही. हळूहळू त्यांचे डोळे आत ओढल्यासारखे दिसू लागले. वैजनाथरावांनी हिमांशूला फोन लावला.

"मामा, वाडग्यातलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावर थेंब पडताना, हलताना दिसला पाहिजे. माझं ठिबकायचं यंत्र मोडलंय, नवीन यायला वेळ लागेल."

इस्त्रीच्या बाटलीनं फवारा मारून झाला. नवाब फुगले, काळे पडले आणि फिस्कारून मागच्या फांदीवर गेले. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून ती टांगली, तर सगळं पाणी बघता बघता ट्रेमध्ये. कूलरचा जुना पंप होता, पण तो बुडायलाच बादलीभर पाणी लागायचं, आणि टँकर अजून आलेला नव्हता.

असा शनिवार उजाडला. नवाब खालच्या फांदीवर डोळे मिटून बसले होते. भर दिवसा शॅमेलिऑननं डोळे मिटणं चांगलं नाही, हे वैजनाथरावांना एव्हाना कळत होतं. ते पिंजऱ्यापुढं जमिनीवर बसले.

"मंदारला म्हणावं, उद्याची वाट बघू नको, आजच ये," ते म्हणाले. "माझ्या हातून जायला नको तो."

भानुमतीबाईंनी एकदा नवाबांकडं पाहिलं. उठून देवघरात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्याची गळती होती.

वैशाखात शंकराच्या पिंडीवर टांगतात ती ही गळती. तळाला बारीक भोक, त्यात सुताची वात, आणि वातीवरून पिंडीवर एकेक थेंब. या वर्षी पाऊस नीट पडेपर्यंत ती थांबू द्यायची नाही, असं वैजनाथराव देवापुढं बोलले होते. अंघोळ अर्ध्या बादलीत उरकायचे, पण गळतीतलं पाणी कमी होऊ द्यायचे नाहीत. तिला घरात दुसरं कुणी हात लावत नव्हतं.

"अगं, ती देवाची आहे!"

"देवाचीच आहे. मी कुठं नाही म्हणते?" भानुमतीबाईंनी ती त्यांच्यापुढं धरली. "पिंडी दगडाची आहे, ती पाण्यावाचून मरत नाही. टांगायची तर तुम्ही टांगा. नाहीतर परत ठेवते."

वैजनाथरावांनी गळतीकडं बघितलं. मग त्या मिटल्या डोळ्यांच्या जिवाकडं बघितलं. त्यांनी गळती घेतली, कपाळाला लावली आणि नळीशेजारच्या जाळीला साखळीनं अडकवली. कडी भानुमतीबाईंनी धरली.

थेंब जास्वंदीच्या वरच्या पानावर पडला. घरंगळत टोकाशी आला, नळीच्या उजेडात चमकला आणि खालच्या पानावर उतरला. मागोमाग दुसरा. दोघं नवरा-बायको बघत बसले. कितीतरी थेंब असे वाया गेले.

मग नवाबांचा एक डोळा उघडला. तो पानाकडं फिरला आणि तिथंच थांबला. दुसराही उघडला. नवाब फांदीवरून डुलत पुढं आले, मान वर केली आणि पानाच्या टोकाला तोंड लावलं. गळ्याखालची कातडी हलली. पुन्हा हलली. नवाब पीतच राहिले.

वैजनाथराव लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांच्याच्यानं फोन धरवेना, म्हणून भानुमतीबाईंनी लावला.

"मंदार ना रे? हिमांशूची मामी बोलते. उद्या यायचं कारण नाही. पाणी पितोय तो. नाही नाही, कुठं जाणार? आमच्याकडंच राहील."

वैजनाथराव डोळे पुसत देवघरात गेले. पिंडी ओली होती, पण वरून थेंब येत नव्हता. माफी मागायची म्हणून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"पितोय तो," त्यांनी देवाला सांगितलं. "खरंच पितोय."