तव्यावरचं बी

कोंडाबाईने प्रमिलेचं मनगट असं काही धरलं, की हातातला डबा ओट्यावर आपटला आणि भाजी सांडली.

"मूठ उघड."

"मावशी, माझी शिफ्ट चुकेल."

"चुकू दे! आधी मूठ उघड!"

आठवडाभर कोंडाबाई धुमसत होती. डोकमर्डीच्या त्या चाळीत तिच्या खोलीपुढे गुलबास होता, पिवळ्या फुलावर गुलाबी शिंतोडे उडालेला. तसला रंग अख्ख्या चाळीत दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हता. शहाद्याहून ती मुलाकडे सिल्वासात आली, तेव्हा तिला इथं कुत्रंही विचारत नव्हतं. मुलगा-सून दोघं कंपनीत, दिवसभर ही आणि चार भिंती. मग झाडं फुलली. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या बायका थांबू लागल्या, "काय रंग आहे हो मावशी!" म्हणू लागल्या. गुजराती घरमालकसुद्धा तिला फूलवाळा मासी म्हणायचा. आणि आता कोणी मेलं रोज सकाळी तेच बी खुडून नेत होतं! तीन दिवस तिने चाळ डोक्यावर घेतली होती, चोराच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले होते. आणि हीच प्रमिला शेजारच्या दारात उभी राहून ते सगळं ऐकत होती.

"आणि वर 'कोण असेल हो मावशी' म्हणे! माझ्याच तोंडावर? लाज नाही वाटली तुला?"

प्रमिलेने मूठ उघडली. पाच-सहा बिया होत्या, निम्म्या हिरव्या. समोरची दोन दारं उघडली, बायका डोकावल्या.

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी? तीनदा पुडी बांधून दिली. विसरलीस?"

"नाही विसरले." प्रमिलेचा आवाज चिरकला. "तिन्ही वेळा पेरलं. खत घातलं. माहेराहून माती आणली, मावशी. एक कोंब वर आला नाही. तुमच्या दारात तर पडेल तिथं उगवतं. सासू म्हणते, हिच्या हातालाच यश नाही. सहा वर्षं झाली, घरात पाळणा नाही, कुंडीत कोंब नाही. कंपनीतली एक म्हणाली, दिलेलं लागत नाही, चोरलेलं लागतं. म्हणून नेलं."

कोंडाबाईची पकड सैल झाली. आत गॅसवर तवा होता. पुडी बांधायच्या आधी, दुसऱ्या दारात उगवू नये म्हणून, तिने बी याच तव्यावर मंद आचेवर परतून घेतलं होतं. तिन्ही वेळा. एकट्या प्रमिलेचंच नाही, ज्या ज्या बाईने मागितलं तिचं.

"घ्या तुमचं," प्रमिलेने हात पुढे केला.

कोंडाबाईच्या अंगात राग अजून तसाच होता, पण आता तो कुणावर काढावा ते तिला कळेना. तिने त्या तळहातावरून हिरव्या बिया वेचल्या आणि फेकून दिल्या.

"अक्कल आहे का काही? हिरवं कधी उगवतं? चोरायचंच तर काळं बघून चोरावं!"

प्रमिलेने ओट्यावरचा सांडलेला डबा उचलला.

"डबा दे इकडे."

आत जाऊन तिने डब्यात स्वतःची भाजी भरली, वर दोन भाकऱ्या ठेवल्या आणि डबा प्रमिलेच्या हातात कोंबला.

"उद्या सकाळी मी दुधाला जाणार आहे. सात वाजेस्तोवर दाराला कुलूप असेल. सांगून ठेवते!"

प्रमिला डबा घेऊन निघाली. चाळीच्या टोकाला पोचली असेल नसेल, तोच कोंडाबाई ओट्यावरून ओरडली.

"प्रमिले! सासूला सांग, बीच मेलेलं होतं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही!"

समोरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघींनीही तिच्याकडून पुड्या नेल्या होत्या.

"ऐकलंत ना?" कोंडाबाई त्यांच्यावरही खेकसली, आणि तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने म्हणाली.